हळदीत रंगवलेलं तळं

मल्लेश्वरम, बंगळूर
६ नोव्हेंबर

चि. श्वेता हिला,

आशीर्वाद आहेतच. ते मी भांडणात धरत नाही.

पत्र बघून कपाळाला हात लावशील. लाव. तू माझा नंबर ब्लॉक केलास, आणि अभिराज फोन उचलून 'आई, मीटिंगमध्ये आहे' एवढंच म्हणतो. मग मी बोलायचं कुणाशी? पोस्टाची पेटी अजून कुणाला ब्लॉक करता आलेली नाही, म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. रंग चुकलेला नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी तुमच्या क्लबहाऊसमध्ये, सगळ्या कॉम्प्लेक्ससमोर माइक हातात घेऊन तू म्हणालीस, "आईकडून खालच्या भागाचा रंग चुकलाय, ती बदलून देणार आहे." वर हसलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तिथे मी तुझ्या हातातून माइक ओढून घेतला नाही, कारण आपला तमाशा लोकांना दिसायला नको होता. आता बोलते. सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंग तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. साहेबांनी पास करा म्हटलेले रंग मी त्यांच्या नाकावर टिच्चून परत पाठवले आहेत. मला रंग कळत नाही असं तुझ्या बाबांनीसुद्धा कधी म्हटलं नाही, आणि त्यांना जिवंतपणी माझ्या आमटीपासून अक्षरापर्यंत सगळ्यात खोट दिसायची.

तूच म्हणाली होतीस ना, आई, आमच्या बाल्कनीतून दिसतं तसं तळं विणून दे, क्लबहाऊसच्या भिंतीवर लावू? मी दिसतं तसंच विणलं. वर नीळ लावलेलं आभाळ. त्याखाली पलीकडच्या काठावरची निलगिरीची झाडं, डाळिंबाच्या सालीत आणि गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यात रंगवलेली. मग पाणी, आणि पाण्यावर संध्याकाळचं ऊन. ते ऊन हळदीचं. आणि अगदी खाली, बघणाऱ्याच्या पायाशी, तुमच्या कॉम्प्लेक्सची मागची भिंत आणि लव्हाळी.

माझी रीत तुला माहीत आहे. ज्या जागेचं चित्र विणायचं, तिथल्याच पाण्यात सूत शेवटचं खळबळायचं. हळदीची सगळी लोकर मी घरी एकाच पातेल्यात रंगवली. चळ्ळकेरेची लोकर, हळद एक, आच एक. सगळ्या लड्या सारख्या पिवळ्याधमक. मग त्या घेऊन मी तळ्याच्या काठाने फिरले. देवळाच्या बाजूला भिजवली ती पिवळीच राहिली. तुमच्या भिंतीमागे, जिथे तो जाड पाइप उघडतो, तिथे भिजवली ती माझ्या हातातच कुंकवासारखी लाल झाली. वाळल्यावर थोडी उतरली, पण पिवळी काही झाली नाही. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पांढऱ्या शर्टावर वरण सांडलेल्या कुठल्याही घरात माहीत असतं. तुमच्या घरांतलं धुण्याभांड्यांचं पाणी न गाळता तळ्यात जातंय, एवढाच त्याचा अर्थ.

जिथे जी लडी भिजवली तिथे ती विणली. म्हणून खालची पट्टी लाल. पडदा उघडल्या उघडल्या तुमच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, हा सूर्यास्त का? मी म्हटलं, नाही, हा तुमच्या पाइपाचा रंग. यात माझं काय चुकलं?

बदलून देणार नाही. हे तुझ्या त्या माइकवर सांगून टाक.

तुझी,
आई

•

मल्लेश्वरम
२२ नोव्हेंबर

श्वेता,

काल जावईबापू येऊन गेले. काजूकतली घेऊन आले, म्हणजे काम अवघड आहे हे मी दारातच ओळखलं.

अभिराज वाईट नाही. पुण्याची मुलं तोंडाने गोड असतात, त्यात हा कॉम्प्लेक्सच्या कमिटीचा सेक्रेटरी. तुमचं सांडपाणी गाळायचं यंत्र त्याच्या देखरेखीखाली आहे, निवडणूक तोंडावर आली आहे, आणि भिंतीवर सासूने लाल रंगात त्याची चहाडी केली आहे. त्याची पंचाईत मला कळते. पण कळते म्हणून मी काय डोळ्यांवर झापड बांधून विणू?

तो म्हणाला, हळद ही काही शास्त्रीय तपासणी नव्हे. मी म्हटलं, मग शास्त्रीय करून घ्या, मला आनंदच आहे. तो म्हणाला, पलीकडे धोबी कपडे धुतात, त्यांचा साबण असेल. मी म्हटलं, धोब्यांच्या काठाचीही लडी लाल आहे आणि तीही मी विणली आहे, पाण्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. तुम्हाला कुणाला ती दिसली नाही, कारण ती तुमची नव्हती. यावर तो चहा प्यायला.

मग त्याने तोडगे काढले. एक, समोर मोठं पितळी घंगाळ ठेवून त्यात फुलं सोडायची, म्हणजे खालचा भाग झाकला जाईल. दोन, तेवढीच पट्टी उसवून निळी करायची. तीन, पट्टी कापून टाकायची. तिसऱ्यावर मला हसू आलं. मी त्याला नीट सांगितलं की अरे बाबा, ही साडी नाही, फॉल लावून काठ लपवायला. यात उभे धागे खालपासून वरपर्यंत एकच असतात, आडवी लोकर नुसती त्यांच्यावर दाबून बसवलेली असते. खालून कापलंस तर वरचं धरून ठेवायला काही उरत नाही. 'शुअर, आई' म्हणाला. तुमच्या पिढीचं हे 'शुअर' म्हणजे ऐकलं नाही असं समजायचं.

तो गेल्यावर वरच्या पद्मावतीला घेऊन मी पुन्हा तळ्यावर गेले. पद्मावती तुला आठवते ना, शाळेत चित्रकला शिकवायची, हल्ली माझ्याबरोबर रंगाची पातेली ढवळते. म्हणाली, अक्का, स्वल्प थांबू, कदाचित त्या दिवशीच पाणी वाईट असेल, उगाच कुणावर आळ नको. सरी, बरं, म्हटलं, चल. नवी लडी, तीच जागा. पुन्हा लाल. पद्मावतीने नाकाला पदर लावला आणि कन्नडमध्ये जे काही म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

अभिराजने जाता जाता तुझा प्रश्न माझ्यापर्यंत पोचवला. आईने मला आधी का नाही सांगितलं, सगळ्यांसमोरच का, असं श्वेता विचारते. त्याला मी उत्तर दिलं नाही. तुलाही देत नाही.

काजूकतली पद्मावतीच्या घरी दिली. मला साखर चालत नाही हे तुला माहीत आहे, जावयाला नसेल.

आई

•

मल्लेश्वरम
१६ डिसेंबर

श्वेता,

कापलंत.

मी दोन दिवस हा कागद समोर घेऊन बसले होते आणि या एका शब्दापुढे जाता येत नव्हतं. आता जाते.

तुझ्या नवऱ्याचा फोन आला. 'आई, थोडा इश्यू झालाय.' कॉम्प्लेक्सच्या गेटासमोरच्या शिंप्याकडे नेऊन खालची पट्टी कात्रीने कापली, काठ दुमडून शिलाई मारली आणि पुन्हा भिंतीवर टांगलं. मी विचारलं, शिंप्याकडे कुणी नेलं? तो शिंप्याचं दुकान कुठे आहे ते सांगू लागला. पुन्हा विचारलं. म्हणाला, श्वेताने.

तू नेलंस. माझ्या मागाखाली बसून अभ्यास केलेली मुलगी. तुला तर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून गेलेली आहे. मी त्यावर पाणी ओतणार नाही, आणि तू लहान आहेस, रागाच्या भरात केलंस, असलं काही मनाशी म्हणून स्वतःची समजूतही घालणार नाही. तू लहान नाहीस. तू हातात कात्री असलेल्या माणसासमोर उभी राहून बोटाने दाखवलंस, इथून इथपर्यंत.

आणि आता ते सुटतंय. सुटणारच. शिंप्याच्या शिलाईत लोकर कशी मावेल? अभिराजने फोटो पाठवला. पहिल्यांदा शिलाईच्या वरची लव्हाळी घसरली, मग खालचं पाणी. स्वतःच्याच वजनाने एकेक ओळ ओघळते आहे आणि तुमच्या चकचकीत फरशीवर पिवळ्या लोकरीचा ढीग पडतो आहे. हाउसकीपिंगवाल्या बाया रोज सकाळी झाडतात म्हणे. फोटोत निलगिरीची झाडं अजून जागेवर होती. पुढच्या महिन्यापर्यंत राहतील असं वाटत नाही.

अभिराज म्हणाला, आई, प्लीज येऊन रिपेअर करून द्या, लोक विचारतात. मी विचारलं, कापलेली पट्टी कुठे आहे? कचऱ्यात गेली म्हणाला. ओल्या की सुक्या, ते विचारायचं राहिलं.

आता माझं ऐक. मी ते दुरुस्त करीन. तुमच्यासाठी नव्हे, माझ्या झाडांसाठी. पण खालची पट्टी पुन्हा येईल, आणि या वेळी ती लोकर मी भिजवणार नाही. मी भिजवली तर म्हाताऱ्या बाईचा रंग चुकला. तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी भिजवायची, स्वतःच्या हातांनी. त्यांच्या हाती जो रंग येईल तो मी विणीन. पिवळा आला तर पिवळा, आणि मग मीच माइक घेऊन सांगीन की माझं चुकलं होतं.

हे कबूल नसेल तर भिंत रिकामी ठेवा.

अलका
(रागात आई लिहवत नाही.)

•

मल्लेश्वरम
१९ जानेवारी

श्वेता,

काल तुझ्याकडे आले होते ते तू पाहिलंसच. तरी लिहिते, कारण काल आपण एकमेकींशी एकच शब्द बोललो.

बाबा गेल्यापासून तू दर संक्रांतीला म्हणतेस, आई, ये गं क्लबहाऊसच्या हळदीकुंकवाला, आता कोण मानतं. आणि मी दरवर्षी गुडघ्याचं निमित्त सांगते. गुडघ्याला काही झालेलं नाही. सवाष्णींच्या घोळक्यात कुणीतरी आपल्यापाशी येऊन अडखळतं, मग पुढे जातं, ते मला एकदा झालं तेवढं पुरे होतं. या वर्षी तू बोलावलं नाहीस, म्हणून आले.

गेटवरच्या मुलाने ॲपवर माझं नाव टाकलं आणि म्हणाला, मॅडम, फ्लॅटमधून अप्रूव्ह व्हायला हवं. बराच वेळ काही झालं नाही. रिक्षावाला वैतागला, पद्मावती म्हणाली परत जाऊ. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि दांडी वर झाली. बटण तूच दाबलंस. का, ते मी विचारत नाही.

तुमचा हॉल छान सजवला होता. ती भिंत मात्र चादरीने झाकली होती. चादरीखालून माझ्या तळ्याचे लोंबणारे धागे दिसत होते.

तू सगळ्यांना हळदीकुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आलीस. हळद लावलीस. कुंकवाच्या करंड्यात बोट घातलंस आणि तिथेच थांबलीस. माझ्या रागामुळे थांबलीस की माझ्या वैधव्यामुळे, मला कळलं नाही. बहुतेक तुलाही कळलं नसावं. हॉलमधल्या बायका बघत होत्या. मी म्हटलं, "लाव."

तुझं बोट हललं नाही. मग मीच करंड्यातून चिमूट घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. तुझे डोळे भरले ते मी पाहिलं, आणि तुला जवळ घ्यावं असं मला फार वाटलं. घेतलं नाही, कारण तेवढ्यावर सगळं मिटून गेलं असतं आणि भिंत तशीच राहिली असती.

वाण म्हणून मी काय आणलंय याची सगळ्यांना उत्सुकता होती. हळदीच्या लोकरीची एकेक लडी आणि तिला बांधलेली कोरी चिठ्ठी. मी सांगितलं की ही शोभेला ठेवायची नाही. तळ्याच्या काठाने फिरा, वाटेल तिथे भिजवा, वाळवा, चिठ्ठीवर जागा लिहा आणि परत द्या. काही जणींनी नाक मुरडलं, काहींनी लडी खुर्चीवरच ठेवून दिली. पण बऱ्याच जणींनी पर्समध्ये घातली. दाक्षिणात्य बायकांनी तर पद्मावतीला गराडाच घातला. दारात अभिराज उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता, खरंच. त्याला म्हणावं, सासू तुझ्यावर उठलेली नाही, तुझ्या पाइपावर उठली आहे.

तुझ्याही हातात एक लडी दिली. तू ती टाकली नाहीस, एवढं मला दिसलं.

आता तुझा तो प्रश्न. आधी का सांगितलं नाही?

सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई, प्लीज, अभिराजसाठी. आणि मी बदललं असतं. अगं, निळी लोकर काढून ठेवलीसुद्धा होती मी. तू फोनवर नुसती 'आई' म्हणालीस की मी काय काय सोडून देते हे तुला माहीत नाही. साहेबांपुढे न वाकलेली बाई तुझ्यापुढे वाकते. हे एकदा तरी व्हायला नको होतं, म्हणून तोंड मिटून विणत बसले आणि पडदा उघडेपर्यंत तुला मागाजवळ फिरकू दिलं नाही. तुला फसवलं असं म्हणायचं असेल तर म्हण. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

आई

•

मल्लेश्वरम
९ फेब्रुवारी

चि. श्वेता,

लड्या परत येऊ लागल्या आहेत.

कुणी कुरिअरने पाठवली, कुणी ऑफिसच्या कॅबमधून येता येता पद्मावतीच्या हातात दिली, एकीने तर वाळायच्या आधीच पिशवीत कोंबली, तिला बुरशी आली. तुमच्यातल्या यशश्री नावाच्या मुलीने लडीचे तीन तुकडे तीन ठिकाणी भिजवून पाठवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'आंटी, सॉरी, पाडव्याला मी पण हसले होते.' देवळाच्या बाजूच्या पिवळ्या आहेत. धोब्यांच्या बाजूच्या तांबूस. तुमच्या भिंतीमागच्या जितक्या आल्या, सगळ्या लाल. कमीजास्त असतील, पण लाल. सगळ्या बायकांचा रंग एकदम चुकला असेल तर माझा नाइलाज आहे.

मग बायकांनीच मीटिंगमध्ये विषय काढला म्हणे. यंत्राची खोली उघडायला लावली. गाळण्याचा पंप कधीपासून बिघडलाय, हे कुणालाच धड सांगता आलं नाही. हे सगळं मला अभिराजनेच फोन करून सांगितलं, आणि दुरुस्तीला माणसं लावली आहेत हेही. माणूस खरं बोलायला लागला की त्याचा आवाजही बरा वाटतो. मी त्याला तसं म्हटलं. तो हसला.

मग तो लगेच म्हणाला, तर मग आता पट्टी पिवळी विणायला हरकत नाही ना, आई? पाहा, सवय जात नाही. मी म्हटलं, पंप चालू झाल्यावर पुन्हा लड्या भिजवा, मग बघू. हळद उन्हात टिकत नाही, वर्षभरात फिकी पडणारच आहे. दरवर्षी संक्रांतीनंतर मी खालची पट्टी उसवीन आणि तुमच्या नव्या लड्यांनी विणीन. ज्या वर्षी पिवळी येईल त्या वर्षी पिवळी. तोवर जी आली आहे तीच लागेल, आणि समोर घंगाळ ठेवलेलं मला चालणार नाही. कमिटीने मान्य केलं. नसतं केलं तरी मी विणणार तेच होते.

परवा भिंतीवरचं ते लोंबणारं चिंधूक घरी आणलं. झाडं वाचली आहेत. कापलेल्या टोकांना नवे उभे धागे जोडून घेतले, पद्मावतीने गाठी मारून दिल्या. कालपासून काठ विणते आहे. एकेक चिठ्ठी वाचायची, जागा शोधायची, तिथे ती लडी लावायची. देवळाची पायरी. विजेच्या खांबाजवळ. मागच्या फाटकाखाली. फिरायच्या वाटेवरचं बाकडं.

त्यांत एक लडी पाकिटात आली, नाव नाही, पत्ता नाही. सगळ्यांत लाल तीच आहे. इतकी लाल की ती नुसती बुडवून काढलेली नाही, कुणीतरी पाण्यात हात घालून बराच वेळ धरून ठेवलेली आहे. पूर्वी मी तुझ्या वेण्या घालायचे, तेव्हा तू रिबिनीला दुहेरी गाठ मारून वर पुन्हा एक मारायचीस. सुटेल म्हणून भीती. या लडीला तशीच गाठ आहे. मी ती कात्री न लावता नखाने सोडवली, अर्धा तास गेला.

ती लडी हातात घेऊन मी मागापाशी रडले. लिहायला लाज वाटत नाही. राग गेला आहे असं समजू नकोस, तो आहे. कात्रीचं मी विसरणार नाही. पण त्या घाण पाण्यात तू उतरलीस, हेही आता विसरता येणार नाही.

बाकी सगळ्यांच्या जागा विणून झाल्या. तुझ्या चिठ्ठीवर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून एवढ्यावर काम अडलं आहे. मधे तेवढे उभे धागे मोकळे ठेवले आहेत. अंदाजाने मी विणणार नाही.

कुठे उभी होतीस, ते ये आणि दाखव.

तुझी आई